२४. ह×डी४ : इंजिनांची परीक्षा घेतली, निकाल विचित्र लागलाय

अडीचघर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बरेच दिवस मनात होतं ते शेवटी करून टाकलं. हाताशी बुद्धिबळाची तीन इंजिनं (म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम) आहेत: स्टॉकफिश ११, स्टॉकफिश १७ आणि लीला (एलसीझीरो). म्हटलं रेटिंगचे आकडे ठेवू बाजूला, हल्ला कोणाला कळतो ते बघू. त्यासाठी डाव घेतला कास्पारोव्ह विरुद्ध टोपालोव्ह, वाइक आन झी, १९९९. हा डाव न पाहिलेला माणूस या धाग्यात शिरेल असं वाटत नाही, पण पट मांडून बसणाऱ्यांसाठी २४ व्या खेळीआधीची स्थिती देतो.

पांढरे: राजा बी१, वजीर एफ४, हत्ती डी१ आणि ई१, उंट एच३, घोडा ए५, प्यादी ए३, बी२, सी२, डी५, एफ३, जी३, एच२.

काळे: राजा ए७, वजीर डी६, हत्ती डी८ आणि एच८, उंट ए८, घोडा एफ६, प्यादी ए६, बी५, सी५, डी४, एफ७, जी६, एच७.

खेळी पांढऱ्याची. कास्पारोव्हनं हत्तीनं डी४ चं प्यादं मारलं, लिहिताना ह×डी४ (ह हत्ती, व वजीर, रा राजा, उं उंट, घो घोडा; × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी). त्या प्याद्याला सी५ चा जोर आहे, म्हणजे हत्ती सरळ दिला.

प्रत्येक इंजिनाला पाच पाच मिनिटं दिली. स्टॉकफिश ११ नं ह×डी४ जवळपास लगेच धरली आणि सोडलीच नाही. १७ नं धरली, सोडली, दुसरंच काहीतरी बघितलं, परत धरली, आणि आकडा शून्याच्या (म्हणजे बरोबरीच्या) आसपास घुटमळत राहिला. लीलाचंही तेच रडगाणं. ज्या डावाला सगळं जग अमर म्हणतं त्याला नवं इंजिन शून्य मार्क देतं!

माझा निष्कर्ष: न्यूरल नेट (उदाहरणांतून शिकणारं जाळं) आल्यापासून इंजिनं समजूतदार झाली, पण भित्री झाली. मारामारीसाठी जुनंच बरं. तुमचं काय मत?

---

घोडं कुठं अडलं

घोडं तुमच्या निष्कर्षातच अडलंय, अडीचघर. शून्य हेच बरोबर उत्तर आहे.

२४. ह×डी४ ला टोपालोव्हनं सी प्याद्यानं हत्ती खाल्ला म्हणून तो डाव अमर झाला. त्याऐवजी २४...रा-बी६ खेळला असता तर? घोड्यावर राजा चालून आलाय, हत्तीवर प्यादं आहेच. २५. घो-बी३ उं×डी५ २६. व×डी६+ ह×डी६ २७. ह-डी२. एकेक प्यादं गेलं, वजिराला वजीर गेला, आणि पट शांत. कोणीच जिंकत नाही. हे काही नवं संशोधन नव्हे, या डावाच्या कुठल्याही धड विश्लेषणात सापडेल.

म्हणजे जी खेळी अचूक उत्तरापुढे बरोबरी देते तिला इंजिनानं बरोबरी म्हटलं, तर त्यात भित्रेपणा कुठून आला?

---

उंटावरून शेळ्या

अरेरे. लहानपणापासून या खेळीच्या प्रेमात होतो, आज कुणीतरी तिची पत्रिका काढून दाखवली.

---

पटाबाहेरची

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. खेळी बरोबरीचीच असेल तर ती 'सर्वोत्तम' तरी आहे का? बाकीच्या खेळ्याही बरोबरीच्याच असतील, तर इंजिन त्यातली कुठलीही धरेल ना?

---

घोडं कुठं अडलं

@पटाबाहेरची, बाळबोध कसला, तोच मुद्दा आहे. तीन-चार खेळ्या शून्याच्या जवळ असल्या की पहिल्या जागेवर कोण बसेल हे वाऱ्यावर ठरतं. जरा खोल गेलं की क्रम बदलतो. धागाकर्त्यांनी जे "धरली, सोडली, परत धरली" लिहिलंय ते हेच.

---

एकांडा हत्ती

मला वेगळीच शंका येतेय. ११ नं लगेच धरली आणि सोडली नाही, हे पटत नाही. अडीचघर, स्थिती नक्की कशी दिलीत? थेट मांडलीत, की डाव लोड करून बाणाच्या बटणानं पुढेमागे करत २४ व्या खेळीवर आलात?

---

अडीचघर (धागाकर्ता)

११ ला आख्खा डाव दाखवला होता. इंजिन चालू ठेवून शेवटपर्यंत गेलो, मजा बघितली, मग मागे येऊन २४ वर थांबलो. १७ आणि लीलाला थेट स्थिती दिली, कारण तोवर स्थिती कॉपी करून ठेवली होती. का? त्यानं काय होतंय?

---

एकांडा हत्ती

सगळंच होतंय, राव.

इंजिन जे जे बघतं ते हॅश टेबलमध्ये टिपून ठेवतं: ही स्थिती, इतकी खोल तपासली, इतका आकडा, ही चांगली खेळी. तुम्ही डावाच्या शेवटाकडून मागे आलात तेव्हा पुढच्या सगळ्या स्थितींचे आकडे आधीच भरलेले होते, आणि ते भरले होते टोपालोव्हच्या चुकीच्या वाटेवरचे. ११ ला तुम्ही परीक्षेआधी उत्तरपत्रिका वाचायला दिलीत, तीही एकाच बाजूची. १७ मात्र कोरं बसलं. मग निकाल असा लागला यात नवल नाही.

मी काही वर्षं या खटाटोपात आहे, चुकाही सगळ्या करून झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक स्थितीआधी हॅश रिकामं करा. बहुतेक प्रोग्राममध्ये त्यासाठी बटण असतं. नसेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. हे कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ.

थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा शोध, एकच ठेवा. आठ थ्रेड लावले की आठ जण एकाच हॅशमध्ये लिहितात आणि एकमेकांचं वाचतात. कोण कधी काय लिहील याचा नेम नाही. त्यामुळे तीच स्थिती, तेच इंजिन, तोच संगणक, तरी एकदा खेळी बघता बघता सापडते आणि पुढच्या वेळी तुम्ही वाट बघत बसता. लोक एकदाच चालवून "अमक्याला इतके सेकंद लागले" असं छातीठोक लिहितात, ते वाचून हसू येतं. एक थ्रेड, कोरं हॅश आणि ठरावीक नोड, म्हणजे ठरावीक इतक्या स्थिती तपासून थांब असं सांगितलं, तर स्टॉकफिश दर वेळी तंतोतंत तेच उत्तर देतं. आठच थ्रेड चालवायचे असतील तर दहा-पंधरा वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या. सगळ्यात चांगला नाही, मधला.

डेप्थची, म्हणजे किती खेळ्या पुढे बघितलं त्याची, तुलना करू नका. एका इंजिनाची डेप्थ २५ आणि दुसऱ्याची २५ यांचा एकमेकांशी संबंध नाही. प्रत्येकाची छाटणी वेगळी, मोजायची रीत वेगळी. आकड्यांचंही तेच. स्टॉकफिशनं १५.१ पासून आपला आकडा असा बसवलाय की अधिक १ म्हणजे जिंकायची शक्यता साधारण ५० टक्के. त्याआधीचा अधिक १ हा वेगळा प्राणी. तुमच्या ११ चा आकडा आणि १७ चा आकडा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

आणि "सापडली" कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. एक क्षण पहिल्या क्रमांकावर चमकून गेली तर ती सापडली नव्हे. दिलेल्या मर्यादेच्या शेवटी ती पहिली असली पाहिजे आणि आकडाही त्या खेळीला साजेसा असला पाहिजे. खेळी बरोबर पण आकडा शून्य, म्हणजे इंजिनानं तुक्का मारलाय.

---

उंटावरून शेळ्या

एकांडा हत्ती, दंडवत. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पण मला एक सांगा, हे सगळं करून शेवटी कळणार काय? माझ्यासारख्याला २४...रा-बी६ पटावर जन्मात सुचणार नाही. टोपालोव्हला सुचली नाही. समोर घड्याळ चालू, समोर कास्पारोव्ह, हत्ती फुकट पडलाय. माणूस खाणारच. मग ह×डी४ ही 'बरोबरीची' खेळी की जिंकणारी? पटावर ती जिंकली. इंजिनाला समोरच्याच्या कपाळावरचा घाम दिसत नाही, त्याला काय करणार!

---

घोडं कुठं अडलं

हो, पण मग तुम्ही खेळीची परीक्षा घेताय, इंजिनाची नाही. समोरच्याला चुकायला लावणारी खेळी शोधणं हे फार थोर काम आहे. फक्त साधं इंजिन ते करायला बसलेलंच नाही. ते समोर आपल्यासारखंच इंजिन आहे असं धरून चालतं. सुतार रंगकाम करत नाही म्हणून त्याला नापास करायचं का?

---

उंटावरून शेळ्या

सुतार रंगकाम करत नाही हे मान्य. पण परीक्षेला रंगकामाचा पेपर लावला कुणी? धागाकर्त्यांनी!

---

अडीचघर (धागाकर्ता)

चुकलो बाबांनो. कान धरले.

पण मग योग्य पेपर कुठला? याच डावातून काढता येईल का? दुसरा डाव घ्यायला जीव होत नाही.

---

घोडं कुठं अडलं

येईल की. एक खेळी पुढे सरका. टोपालोव्हनं २४...सी×डी४ खाऊन झाल्यावर. म्हणजे वरच्या स्थितीतला डी१ चा हत्ती पटावरून गेला, काळ्याचं सी५ चं प्यादं डी४ वर आलं. खेळी पांढऱ्याची.

इथं जिंकणारी खेळी एकच: २५. ह-ई७+. दुसरा हत्तीही वजिराच्या तोंडी. व×ई७ घेतला तर २६. व×डी४+ रा-बी८ २७. व-बी६+ उं-बी७ २८. घो-सी६+ रा-ए८ २९. व-ए७ मात. म्हणून टोपालोव्ह २५...रा-बी६ खेळला, आणि मग त्याच्या राजाची ती वरात निघाली.

या स्थितीचं सौंदर्य असं की शेजारीच सापळा आहे. २५. व×डी४+ आधी खेळायचा मोह होतो, प्यादंही मिळतं आणि शहही. पण २५...व-बी६ करून काळा वजीर मध्ये घालतो, २६. ह-ई७+ ला घो-डी७ आहे, आणि हल्ला विझतो. त्याच दोन खेळ्या, फक्त क्रम उलटा, आणि जिंकलेला डाव हातातून गेला. इंजिनाची परीक्षा घ्यावी तर अशा जागी घ्यावी. उत्तर एकच आहे, ते सिद्ध करता येतं, आणि शेजारी बरोबर दिसणारं चूक उत्तर आहे.

---

एकांडा हत्ती

+१. आणि स्थिती फाइलमध्ये लिहिताना नुसती 'बीएम' (सर्वोत्तम खेळी) लिहू नका, 'एएम' (ही खेळी नको) पण लिहा. बीएम: ह-ई७. एएम: व×डी४.

---

पटाबाहेरची

आता माझ्या थोड्या परिचयाची गोष्ट आली म्हणून लिहिते. बुद्धिबळ मला बेताचंच येतं, पण न्यूरल नेटवर्क हे रोजचं काम आहे. लीला आणि स्टॉकफिश यांना एकाच तागडीत तोलणं मला खटकतंय.

दोन्हींत न्यूरल नेट असलं तरी काम वेगळं. स्टॉकफिशमध्ये १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, एनएनयूई आलं. ते छोटं जाळं फक्त स्थितीला आकडा देतं. शोध मात्र जुन्याच वळणाचा: ही खेळी, त्यावर ती, त्यावर ती, आणि जिथं अर्थ वाटत नाही तिथं फांदी छाट. छोटं जाळं साध्या प्रोसेसरवर पळतं, म्हणून सेकंदाला लाखो स्थिती होतात.

लीला २०१८ मध्ये सुरू झाली, आधीच्या वर्षी आलेल्या अल्फाझीरो या स्वतःशीच खेळून शिकलेल्या प्रोग्रामच्या वाटेनं. तिचं जाळं मोठं, ग्राफिक्स कार्ड मागणारं, आणि ते दोन गोष्टी सांगतं: स्थिती कशी आहे, आणि कुठल्या खेळ्या बघण्यासारख्या वाटतात. या दुसऱ्या गोष्टीत बलिदानाची गंमत दडलीय. समजा ह-ई७ ला जाळ्यानं पहिल्या नजरेत एक टक्क्याहून कमी वाटा दिला. मग शोध तिकडे फारसा फिरकतच नाही. फिरकला तरी पहिल्या काही भेटींत "हत्ती गेला" एवढंच दिसतं, कारण लीला फांदीखालच्या सगळ्या आकड्यांची सरासरी धरून चालते. मात लपलेली असते एका चिंचोळ्या वाटेवर. ती सरासरीतून वर यायला वेळ लागतो. उलट जाळ्यानं तिलाच पहिल्या नजरेत मोठा वाटा दिला, तर लीला जवळजवळ शोध न घेताच ती खेळते, आणि आपण म्हणतो काय अंतःप्रेरणा!

त्यामुळे लीलाला तपासताना फक्त वेळ बघू नका. प्रत्येक खेळीची सविस्तर आकडेवारी दाखवायचा पर्याय तिच्यात असतो, तो चालू करा. जाळ्यानं आधी किती वाटा दिला आणि शेवटी किती भेटी पडल्या, हे शेजारी शेजारी दिसतं. खरी गोष्ट तिथं आहे. आणि नोड मोजून दोघांची तुलना तर अजिबात करू नका. लीलाचा एक नोड फार महाग असतो.

---

उंटावरून शेळ्या

बुद्धिबळ बेताचं येतं म्हणे! ताई, नाव बदला आता, 'पटावरची' करा.

---

अडीचघर (धागाकर्ता)

खरंच फार छान समजावलंत. मग स्टॉकफिशला बलिदान का जड जातं तेही कुणी सांगेल का? तिथं तर सगळ्या खेळ्या बघतात असं मी धरून चाललो होतो.

---

एकांडा हत्ती

सगळ्या खेळ्या बघतात, पण सगळ्या सारख्या लक्ष देऊन नाही.

मारामारीच्या खेळ्यांचा आधी देवाणघेवाणीचा हिशेब होतो. हत्तीनं प्यादं मारलं, प्याद्यानं हत्ती मारला: तोट्याचा सौदा. असे सौदे यादीत मागे ढकलले जातात. यादीत मागे असलेली खेळी कमी खोल तपासायची, हा दुसरा नियम. जितकी मागे तितकी उथळ. त्या उथळ नजरेत काही आशादायक दिसलं तरच पुन्हा पूर्ण खोलीवर बघतात. ह×डी४ सारख्या खेळीच्या कपाळी म्हणूनच सुरुवातीला दारिद्र्य. ह-ई७ ला शहाचा आधार आहे, उत्तरं मोजकीच, त्यामुळे ती लवकर वर येते.

हे ऐकून कोणाला वाटेल, मग छाटणी बंद करा की! केली तर खोली जाते. कास्पारोव्हला हरवणारं १९९७ चं डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती बघायचं, खास बनवलेल्या चिपवर. आजचं स्टॉकफिश घरच्या संगणकावर त्याच्या कितीतरी कमी बघतं आणि तरी त्याला लोळवेल. फरक काय बघायचं यापेक्षा काय बघायचं नाही यात आहे. २०१३ पासून स्टॉकफिशमधला बारीकसारीक बदलसुद्धा फिशटेस्ट या त्याच्या चाचणी-यंत्रणेवर हजारो डाव खेळवून तपासतात. डाव जास्त जिंकतो का, एवढंच विचारतात. कोडी जास्त सोडवतो का, हे विचारत नाहीत. म्हणून क्रिस्टलसारखी स्टॉकफिशपासून निघालेली रूपं आहेत, ती अशा आंधळ्या जागांसाठी बदललेली असतात. कोड्यांत सरस असणं आणि डावांत सरस असणं यांची फारकत कधीच झालीय.

एक युक्ती: मल्टीपीव्ही (एका वेळी किती ओळी दाखवायच्या तो आकडा) चार-पाच ठेवलं तर मुळाशी असलेल्या वरच्या चार-पाच खेळ्यांना पूर्ण लक्ष मिळतं. दडलेलं बलिदान बऱ्याचदा असं वर येतं. विश्लेषणाला उत्तम, परीक्षेला मात्र एकच ओळ ठेवा, नाहीतर ती कॉपी झाली.

---

किल्लेकोट

उशिरा आलो. नव्या मुलांची चर्चा वाचून बरं वाटलं, म्हणून जुन्या माणसाची थोडी भर.

परीक्षेच्या स्थितींचं वेड फार जुनं आहे. १९८२ मध्ये ब्राट्को आणि कोपेक यांनी २४ स्थितींचा एक संच केला. त्यात डावपेचांच्या स्थिती होत्या आणि प्याद्यांच्या रचनेच्याही. पुढे एका जुन्या कोड्यांच्या पुस्तकातल्या ३०० स्थितींचा संच सगळ्यांच्या तोंडी झाला. इंजिन लिहिणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्याच ३०० चालवायचा. मग इंजिनं सुधारली आणि उलटा प्रकार सुरू झाला: इंजिनंच संच तपासायला लागली. अमक्या कोड्याला दोन उत्तरं आहेत, तमक्यात दिलेलं उत्तर जिंकतच नाही. घोडं कुठं अडलं यांनी ह×डी४ चं जे केलं तेच.

अडीचघर यांना एक स्थिती सुचवतो. हल्ल्याची नाही, पण बलिदानाची आहे, आणि हिनं एकेकाळी इंजिनांच्या नाकी नऊ आणले होते. टोपालोव्ह विरुद्ध शिरोव्ह, लिनारेस १९९८. बिचारा टोपालोव्ह, दोन्हीकडे तोच.

पांढरे: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४. काळे: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. खेळी काळ्याची. विरुद्ध रंगाचे उंट, सगळं बरोबरीकडे चाललेलं. शिरोव्हनं ४७...उं-एच३ केलं! उंट प्याद्याच्या तोंडात, बदल्यात हाती काहीच नाही. ना प्यादं, ना शह. मिळते ती एक चाल: राजाला एफ५ वरून ई४ ला पोचायला वेळ. ४८. जी×एच३ रा-एफ५ ४९. रा-एफ२ रा-ई४ ५०. उं×एफ६ डी४ आणि काळा राजा आत शिरतो. ५३ व्या खेळीवर टोपालोव्हनं डाव सोडला.

आता यात इंजिनाची पंचाईत बघा. शह नाही, मार नाही, हिशेबात पूर्ण उंट तोट्यात, आणि फायदा दिसतो तो राजा चालत चालत पोचल्यावर. वर एकांडा हत्ती यांनी सांगितलेले छाटणीचे सगळे नियम एकाच खेळीच्या मुळावर उठतात. पटावर दहाच सोंगट्या, पण सात सोंगट्यांपर्यंतच्या टेबलबेसमध्ये (आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या साठ्यात) ही बसत नाही, म्हणून पाठ केलेलं उत्तर नाही. स्वतः शोधावं लागतं.

---

अडीचघर (धागाकर्ता)

किल्लेकोट काका, खूप आभार. ही पण घेतली.

रविवार सत्कारणी लावला. एक थ्रेड, दर वेळी हॅश रिकामं, स्टॉकफिशला नोडांची मर्यादा आणि लीलाला तिची वेगळी. डावातल्या चार जागा घेतल्या.

२४ वी खेळी: हॅश साफ करून दिल्यावर ११ चा तो बाणेदारपणा गेला. तेही १७ सारखंच घुटमळलं. म्हणजे माझा आख्खा मूळ निष्कर्ष माझ्याच बाणाच्या बटणानं तयार केलेला होता.

२५ वी: ह-ई७+ तिघांनाही सापडली. फरक आहे तो मर्यादा कमी कमी करत नेल्यावर कोण आधी घसरतं यात. मजा अशी की मर्यादा फारच कमी केली की स्टॉकफिश ११ बरोबर त्या व×डी४+ च्या सापळ्यात जाऊन बसतं. एएम लिहायचा सल्ला लाखमोलाचा.

३६ वी: इथं पांढरे राजा बी१, वजीर बी२, हत्ती बी७, उंट एच३, प्यादी एफ३, जी३, एच२; काळे राजा डी१, वजीर सी४, हत्ती डी८ आणि एच८, प्यादी बी५, एफ७, जी६, एच७. काळ्याचा राजा पार पांढऱ्याच्या घरात. ३६. उं-एफ१! वजिरावर. वजिरानं उंट खाल्ला तर व-सी२+, रा-ई१, ह-ई७+ आणि संपलं. माणसाच्या डोळ्याला ही डावातली सर्वांत सुंदर खेळी. इंजिनांना सर्वांत सोपी. तिघांनीही क्षणात सांगितली. परीक्षा म्हणून कुचकामी, पण बघत बसलो अर्धा तास.

गोंधळ आहे तो २८ व्या खेळीचा. कास्पारोव्ह व-सी३ खेळला, धमकी व-बी३ मात. पण तिघंही ह-ए७ म्हणतायत. मी चुकलो का परत?

---

घोडं कुठं अडलं

नाही, या वेळी तुम्ही बरोबर. २८. ह-ए७ जास्त जोरकस होती, हेही नंतरच्या विश्लेषणात आलंय. व-सी३ नंही डाव जिंकला, फक्त वाट लांबली. तिथं बीएममध्ये दोन्ही खेळ्या लिहा, नाहीतर सरळ स्थितीच वगळा. दोन उत्तरांचा प्रश्न पेपरात ठेवू नये.

---

उंटावरून शेळ्या

थोडक्यात, कास्पारोव्हला २४ व्या खेळीला शून्य, २८ व्या खेळीला अर्धा मार्क. पोरगं नापास.

---

पटाबाहेरची

@अडीचघर, लीलाची २५ व्या खेळीची आकडेवारी टाकाल का? पहिला वाटा ह-ई७ ला किती दिला होता आणि व×डी४ ला किती? आणि कुठलं जाळं वापरलंत तेही लिहा. जाळं बदललं की उत्तर बदलतं.

---

अडीचघर (धागाकर्ता)

आकडेवारी चालू करायलाच विसरलो होतो. पुन्हा चालवतो.

तोपर्यंत फाइल अशी झालीय: २५ वी, बीएम ह-ई७, एएम व×डी४. ३६ वी, बीएम उं-एफ१, शेरा 'सोपी'. शिरोव्हची, बीएम उं-एच३. २८ वी काढून टाकली. २४ वी काढायला हात होत नव्हता, म्हणून ठेवली आहे, पण तिच्यापुढे बीएमही नाही आणि एएमही नाही. नुसता शेरा: 'इंजिनासाठी नाही'.

---

किल्लेकोट

शिरोव्हच्या स्थितीत मर्यादा सढळ ठेवा. आणि वाट बघताना बाणाच्या बटणाला हात लावू नका.